तंजावूरला जाताना : बृहदीश्वर, सरस्वती महाल आणि मराठी मुदपाकखान्याचा वारसा

दक्षिण भारताच्या सहलीला निघणाऱ्या बहुतेक मराठी प्रवाशांच्या कार्यक्रमात तंजावूरच्या वाट्याला जेमतेम तीन तास येतात. मदुराई किंवा रामेश्वरहून निघालेली बस उन्हे तापल्यावर बृहदीश्वर मंदिरासमोर थांबते, भाजणाऱ्या फरशीवरून अनवाणी धावपळ होते, नंदीसमोर छायाचित्र काढले जाते आणि जेवणाच्या वेळेपर्यंत बस पुढच्या गावाच्या वाटेला लागलेली असते. ज्या नगरीत १६७५ पासून १८५५ पर्यंत, म्हणजे सुमारे एकशेऐंशी वर्षे, भोसले घराण्याची गादी होती, त्या नगरीची ही भेट फारच त्रोटक म्हटली पाहिजे.

तंजावूर नीट पाहायचे तर किमान तीन दिवस हवेत. चार मिळाले तर उत्तम. देवळे आणि राजवाडा यांच्याइतकाच वेळ तेथील जेवणाला, कॉफीला आणि ग्रंथालयाला द्यावा लागतो. कारण मराठी राजवटीच्या खुणा दगडावर आणि कागदावर जशा आहेत, तशाच त्या ताटातही आहेत, आणि ताटातील खुणा ओळखायला घाई उपयोगाची नाही.

कधी जावे, कसे जावे

प्रवासाचा काळ ठरवताना मराठी कुटुंबांची एक चूक हमखास होते. दिवाळीच्या सुटीत, महाराष्ट्रातील पाऊस सरला म्हणून, दक्षिणेची तिकिटे काढली जातात. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशात मात्र मुख्य पाऊस येतो तो ईशान्य मोसमी वाऱ्यांचा, म्हणजे ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात. चक्रीवादळांचा मोसमही हाच. २०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आलेल्या ‘गाजा’ वादळाने या भागातील नारळीच्या बागा आडव्या केल्या होत्या. डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी हे दिवस सर्वांत सुखाचे. तेव्हा भातशेती दृष्टीला पुरणार नाही इतकी पसरलेली असते आणि दुपारही सुसह्य असते. एप्रिल-मे टाळलेलेच बरे.

जानेवारीत गेल्यास पोंगलचा सण आणि तिरुवैयारू येथील त्यागराज आराधना असा दुहेरी लाभ होऊ शकतो. आराधनेचा मुख्य दिवस पौष वद्य पंचमीचा असतो. तो दरवर्षी पंचांगावरून पाहून घ्यावा. त्या आठवड्यात राहण्याची सोय आयत्या वेळी मिळणे कठीण असते, त्यामुळे आरक्षण आधी करावे लागते.

मुंबई, पुणे, नागपूर येथून चेन्नईपर्यंत रेल्वे किंवा विमानाने जाऊन पुढे रेल्वेने तंजावूर गाठणे हा रुळलेला मार्ग आहे. चेन्नईहून रात्री निघून पहाटे तंजावूरला पोहोचवणारी ‘उळवन एक्सप्रेस’ अनेकांच्या पसंतीची आहे. ‘उळवन’ म्हणजे शेतकरी. तमिळनाडूच्या भाताच्या कोठाराला जाणाऱ्या गाडीला हे नाव शोभते. विमानाने अधिक जवळ जायचे असल्यास तिरुचिरापल्लीचा विमानतळ सुमारे साठ किलोमीटरवर आहे. गावातील मुक्काम स्थानक आणि मंदिर यांच्या दरम्यान असावा, म्हणजे सकाळ-संध्याकाळ पायी फिरता येते.

पहिला दिवस : मोठे देऊळ, दोन वेळा

स्थानिक लोक बृहदीश्वराला ‘पेरिय कोविल’, म्हणजे मोठे देऊळ, म्हणतात. पहिला राजराज चोळ याने बांधलेले हे शिवालय १०१० मध्ये पूर्ण झाले. गर्भगृहावरील विमान साठ मीटरहून उंच आहे आणि सारे बांधकाम ग्रॅनाइटचे आहे. नदीच्या गाळाने बनलेल्या या सपाट मुलखात असा दगड मिळत नाही. तो दुरून आणावा लागला. १९८७ मध्ये युनेस्कोने या मंदिराला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि २००४ मध्ये गंगैकोंडचोळपुरम व दारासुरम येथील मंदिरेही त्याच यादीत जोडली गेली.

विमानाची सावली जमिनीवर पडतच नाही, असे वाटाडे छातीठोकपणे सांगतात. सावली पडते, आणि उन्हे कलली की पटांगणावर ती कोणालाही दिसते. एवढ्या मोठ्या वास्तूला खोट्या चमत्काराची गरज नाही.

मंदिर दुपारी साधारण साडेबारा ते चार बंद असते. सकाळी सहाच्या सुमारास दार उघडताच एकदा आणि संध्याकाळी पुन्हा एकदा असे दोन वेळा जावे. सकाळी दगड थंड असतो आणि शिलालेख निवांत पाहता येतात. राजराजाच्या लेखांत मंदिराला दिलेल्या दानांचे, दिव्यांसाठी ठेवलेल्या तुपाचे, इतकेच नव्हे तर सेवेसाठी आणलेल्या चारशे नर्तिकांचेही नावानिशी तपशील आहेत. संध्याकाळी तांबूस प्रकाशात विमानाचा रंग पालटतो आणि गावातील कुटुंबे हिरवळीवर येऊन बसतात.

मराठी प्रवाशाने एक जागा मात्र विचारून शोधली पाहिजे. प्राकाराच्या नैऋत्य भागातील भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास सांगणारा प्रदीर्घ मराठी शिलालेख आहे. दुसरे सरफोजी राजे यांच्या आज्ञेने तो १८०३ मध्ये कोरला गेला. हा लेख ‘भोसले वंश चरित्र’ या नावाने ओळखला जातो आणि जगातील मोठ्या शिलालेखांत त्याची गणना होते. अक्षरे देवनागरी आहेत. शाळेत मराठी शिकलेल्या कोणालाही ती, थोडे अडखळत का होईना, लावता येतात. भाषा जुनी आहे, शब्द जोडून लिहिलेले आहेत, पण घराण्यातील पुरुषांची नावे ओळीओळीने ओळखू येतात.

येथे एक विपरीत गोष्ट घडते. तंजावूरच्या मराठी कुटुंबांत अनेक पिढ्या घरी मराठी बोलली गेली. परंतु शिक्षण तमिळ आणि इंग्रजीतून झाल्याने पुष्कळांना देवनागरी सहज वाचता येत नाही. ज्यांना ती वाचता येते ते महाराष्ट्रातील प्रवासी नंदीपाशीच थांबून बसकडे परततात. सकाळचा एक तास या भिंतीसाठी राखून ठेवला तर त्या लेखाला वाचक मिळतो.

व्यंकोजी ते सरफोजी

लेख वाचण्याआधी थोडी पार्श्वभूमी ठाऊक असावी. शहाजीराजांचे पुत्र आणि शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी ऊर्फ एकोजी हे विजापूरच्या आदिलशहाचे सरदार म्हणून या भागात आले आणि नायक राजवट कोसळल्यानंतर त्यांनी तंजावूर ताब्यात घेतले. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या वेळी कोल्लिडम नदीकाठी तिरुमळवाडी येथे दोघा बंधूंची भेट झाली. पित्याच्या दौलतीतील वाट्यावरून बोलणी फिसकटली, लढाईही झाली. पुढे समेट झाला आणि त्यात व्यंकोजींच्या पत्नी दीपाबाई यांचा सहभाग मोलाचा मानला जातो.

व्यंकोजींचे पुत्र शहाजी (१६८४–१७१२) हे स्वतः नाटककार होते. तेलुगूतील ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ प्रसिद्धच आहे. त्यांनी मराठीतही नाटके लिहिली. संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा एकाच रंगमंचावर बोलणारे ‘पंचभाषाविलास’ हे त्यांचेच. विष्णुदास भावे यांनी सांगलीत ‘सीता स्वयंवर’ १८४३ मध्ये रंगभूमीवर आणले आणि तेथून मराठी नाटकाचा इतिहास सुरू करण्याचा प्रघात पडला. तंजावूरची नाटके त्याच्या दीडशे वर्षे आधीची आहेत.

दुसऱ्या सरफोजींच्या काळात (१७९८–१८३२) सत्ता जवळजवळ गेली होती. १७९९ च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला. राजांकडे किल्ला, किताब आणि तनखा उरला. हाती आलेला वेळ आणि पैसा त्यांनी ग्रंथ, वैद्यक, संगीत आणि मुद्रणाकडे वळवला. एकोणिसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात त्यांच्या छापखान्यातून इसापच्या गोष्टींचे मराठी रूप ‘बालबोध मुक्तावली’ देवनागरी टंकात छापले गेले. त्यांच्या ‘देवेंद्र कुरवंजी’ या मराठी नृत्यनाट्यात जगाचा भूगोल गाऊन सांगितला आहे. आज भरतनाट्यम शिकणारी प्रत्येक मुलगी ज्या क्रमाने नृत्य सादर करते, तो क्रम बसवणारे चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चार बंधू याच दरबाराशी निगडित होते. १८५५ मध्ये दुसरे शिवाजी निपुत्रिक वारले आणि संस्थान खालसा झाले.

सांबार कोणाचे?

तंजावूरच्या जेवणाची चर्चा सांबारापासून सुरू होते आणि पुष्कळदा तेथेच संपते. आख्यायिका अशी : शहाजीराजे पाककलेचे शौकीन होते. छत्रपती संभाजी महाराज पाहुणे म्हणून आले असता आमटीसाठी लागणारी आमसुले संपली. मुदपाकखान्यातील कोणीतरी चिंच वापरण्याचे सुचवले, तुरीच्या डाळीत भाज्या पडल्या, आणि पाहुण्यांच्या नावावरून पदार्थाला ‘सांबार’ हे नाव मिळाले. गोष्ट मोठी गोड आहे. तिला समकालीन कागदाचा आधार मात्र मिळत नाही. शहाजी गादीवर आले तेव्हा संभाजी महाराज औरंगजेबाशी झुंजत होते, हेही लक्षात घ्यावे लागते. शिवाय ‘संभार’ हा मसाल्याच्या सामग्रीसाठी वापरला जाणारा जुना शब्द आहे; विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. पदार्थाचे नाव राजाच्या नावापेक्षा मसाल्याच्या नावावरून आले असण्याचाच संभव अधिक.

आख्यायिका बाजूला ठेवली तरी दोन स्वयंपाकघरांचा संयोग येथे झाला, हे खोटे ठरत नाही. रस आणि वांगी या दोन्ही शब्दांची ओळख पटवणारी ‘रसवांगी’ तंजावूरच्या तमिळ घरांत नित्याची आहे : वांगी, डाळ, चिंच आणि भाजलेल्या मसाल्यासह वाटलेले खोबरे. भिजवलेली मुगाची डाळ, काकडी आणि मोहरीची फोडणी घातलेली ‘कोसुमल्ली’ ही कोशिंबिरीचेच भावंड. पुरणपोळी येथे ‘पोळी’ किंवा ‘बोळी’ म्हणून मिठाईच्या दुकानात मिळते, बहुधा लहान, पिवळीधमक आणि तुपात निथळलेली. मराठी घरांतून मेतकूट, पिठले आणि उडदाच्या पिठाचे डांगर टिकून राहिले आहे.

हे पदार्थ हॉटेलच्या पाटीवर शोधणाऱ्याची निराशा होण्याची शक्यता आहे. तंजावूरचे मराठी जेवण मुख्यतः घरात शिजते. काही मोठ्या हॉटेलांत आदल्या दिवशी सांगितल्यास अशा पदार्थांची सोय होऊ शकते. विचारून पाहण्यात काही जात नाही. सर्वसामान्य उपाहारगृहात दुपारी केळीच्या पानावर ‘साप्पाडु’, म्हणजे पूर्ण जेवण, घ्यावे. भात एकाच पदार्थाशी संपवू नये : आधी सांबार, मग आंबटजहाल वत्तकुळंबू, नंतर रसम आणि शेवटी ताक असा क्रम असतो आणि प्रत्येक वेळी भात नव्याने वाढला जातो. पहिल्याच वाढीला पोट भरून घेणारा पाहुणा रसमला मुकतो. सकाळच्या इडलीबरोबर ‘कडप्पा’ मिळाला तर तो सोडू नये. मूगडाळ आणि बटाट्याचे हे दाटसर कालवण कुंभकोणम-तंजावूर पट्ट्याचे वैशिष्ट्य आहे आणि अन्यत्र क्वचित आढळते.

गोडात ‘चंद्रकला’ आणि ‘अशोका हलवा’ ही दोन नावे लक्षात ठेवावीत. चंद्रकला म्हणजे खव्याचे सारण भरलेली, तळून पाकात घोळवलेली अर्धचंद्राकृती करंजीच. अशोका हलवा मूगडाळीचा असतो. त्याचे माहेर तिरुवैयारू.

युरोपातील लोक एखाद्या शहरी चार दिवस जातात तेव्हा तेथील द्राक्षमद्याची चौकशी आधी करतात. तमिळनाडूत मद्याची किरकोळ विक्री सरकारी महामंडळाच्या दुकानांतून होते आणि तंजावूरच्या जेवणाशी त्याचा संबंध नाही. येथे ती जागा कॉफीने घेतली आहे. ‘कुंभकोणम डिग्री कॉफी’ पितळी पेला आणि खोलगट ‘दबरा’ यांत येते. ‘डिग्री’ शब्दाच्या दोन-तीन व्युत्पत्ती सांगतात. दूध दुग्धमापकाने तपासून घेतलेले निर्भेळ आहे, याची ती ग्वाही होती, ही त्यांतील अधिक प्रचलित. दाट काढा, तापते दूध, आणि उंचावरून ओतून आणलेला फेस. महामार्गावर ही पाटी आता सर्वत्र दिसते. चांगली कॉफी पाटीपेक्षा गिऱ्हाइकांच्या गर्दीवरून ओळखावी.

दुसरा दिवस : राजवाडा आणि सरस्वती महाल

राजवाड्याचा पाया नायकांनी सोळाव्या शतकात घातला. मराठ्यांनी त्यात भर घातली. रंगीत खांब आणि कमानी असलेला मराठा दरबार महाल, चोळकालीन कांस्यमूर्तींचे कलादालन आणि मनोरे यांसाठी अर्धा दिवस हवा. कलादालनातील नटराज आणि पार्वती पाहिल्यावर दारासुरम-स्वामीमलैचा तिसरा दिवस अधिक उमगतो, म्हणून क्रम उलटा करू नये. काही भागांची निगा समाधानकारक नाही, हेही सांगितले पाहिजे. शहराच्या उत्तर भागातील राजगोरी येथे भोसले घराण्याच्या समाध्या आहेत. तेथे प्रवासी जवळजवळ जातच नाहीत.

त्याच आवारातील सरस्वती महाल ग्रंथालय हे तंजावूरचे खरे वैभव. नायक राजांनी सुरू केलेला संग्रह सरफोजींनी वाढवला. काशीयात्रेतूनही त्यांनी पोथ्या आणवल्या. १९१८ मध्ये तो लोकांसाठी खुला झाला आणि १९८३ मध्ये केंद्र सरकारने ग्रंथालयाला राष्ट्रीय महत्त्वाच्या संस्थेचा दर्जा दिला. येथे पन्नास हजारांच्या घरात हस्तलिखिते आहेत. संस्कृतचा वाटा सर्वांत मोठा. मराठी हस्तलिखिते तीन हजारांहून अधिक. सामान्य प्रवाशाला लहानसे संग्रहालय पाहता येते; पोथ्या अभ्यासायच्या असतील तर आधी पत्रव्यवहार करून परवानगी घ्यावी. सुटीचे दिवस निघण्यापूर्वी तपासून घेणे हिताचे.

हस्तलिखितांखेरीज दरबारी कारभाराची मोडी कागदपत्रे आहेत, रुमालात बांधलेली. त्यांत जमाखर्च आहे, नेमणुका आहेत, बाजारभाव आहेत, नर्तकींचे वेतन आहे. तंजावूरच्याच तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचा तमिळ अनुवाद प्रसिद्ध केला. त्यामुळे आज या मराठी कागदांचा उपयोग तमिळ अभ्यासक अधिक सहजतेने करतात. मोडी जाणणारे महाराष्ट्रातही मोजकेच उरले आहेत. महाराष्ट्रात मोडीचे वर्ग पूर्ण केलेल्या तरुणाने ज्या ठिकाणी जावे, अशा जागांत तंजावूरचे नाव वरचे आहे.

ग्रंथालयाच्या प्रकाशनांत ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ आहे. सरफोजींच्या मुदपाकखान्यातील शाकाहारी आणि मांसाहारी पदार्थांच्या कृती त्यात आल्या आहेत. आदल्या दिवशी रसवांगी खाल्लेल्या प्रवाशाला हे पुस्तक वाचताना चवीचा धागा सापडतो. उपलब्ध असल्यास एक प्रत घ्यावी. चंद्रकलेपेक्षा ती अधिक टिकेल.

तिसरा दिवस : कावेरीच्या काठाने

सकाळी तेरा किलोमीटरवरील तिरुवैयारूला जावे. नाव पाच नद्यांवरून पडले आहे. कावेरीकाठी संत त्यागराजांची (१७६७–१८४७) समाधी आहे. सरफोजींनी दरबारात बोलावले असता त्यागराजांनी धनाचा मोह नाकारला, अशी परंपरा सांगते. कीर्तनाचा प्रवाह मात्र दुसऱ्या दिशेनेही वाहिला : मराठी कीर्तनकारांची पद्धत पाहून तंजावूर कृष्ण भागवतर (१८४१–१९०३) यांनी तमिळ हरिकथेला नवे रूप दिले.

तेथून कुंभकोणमच्या दिशेने निघाले की स्वामीमलै लागते. मेणाचा साचा करून कांस्यमूर्ती ओतण्याची चोळकालीन पद्धत तेथील स्थपतींच्या कार्यशाळांत आजही चालू आहे. मातीचा साचा फोडून मूर्ती बाहेर येताना पाहायला मिळाली तर नशीबच. जवळच दारासुरमचे ऐरावतेश्वर मंदिर आहे, बाराव्या शतकातले. मोठ्या देवळाचा दरारा येथे नाही, पण वीतभर उंचीच्या शिल्पांत जी करामत आहे तिला तोड नाही. दुपारची कॉफी कुंभकोणमला घ्यावी. बडोदा, इंदूर आणि त्रावणकोर या तिन्ही संस्थानांचे दिवाण झालेले सर टी. माधवराव याच गावचे, तंजावूरकर मराठी कुटुंबातले.

चौथा दिवस हाती असेल तर

दक्षिणेला पट्टुकोट्टैच्या रस्त्यावर ओरत्तनाडू येथे सरफोजींनी बांधलेले मुक्तांबाळ छत्र आहे. काशी-रामेश्वरच्या यात्रेकरूंसाठी तंजावूरच्या राजांनी या वाटेवर छत्रांची मालिकाच उभारली होती. ती आपल्याकडेच राहावीत म्हणून सरफोजींनी १८०१ मध्ये कंपनीच्या रेसिडेंटला पत्र लिहिले. तेथे ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत प्रत्येक वाटसरूला अन्न मिळते, शिजवलेले अन्न न चालणाऱ्यांना शिधा दिला जातो, आजाऱ्यांना औषध आणि अनाथ बालकांना दूध मिळते, असा तपशील त्यात आहे. राज्य गेले तरी चालेल, पण अन्नछत्र बंद पडू नये, अशी त्या पत्रामागची कळकळ आहे. इमारतीची पडझड झालेली असली तरी लाकडी खांबांवरील कोरीवकाम थांबून पाहण्याजोगे आहे.

पुढे समुद्रकिनाऱ्यावर, तंजावूरपासून सुमारे पासष्ट किलोमीटरवर, ‘मनोरा’ उभा आहे. युरोपात इंग्रजांनी नेपोलियनला नमवले म्हणून १८१४ च्या सुमारास सरफोजींनी हा षट्कोनी, आठ मजली बुरूज बांधला. २००४ च्या त्सुनामीत त्याला इजा पोहोचली आणि नंतर दुरुस्ती झाली. आसपास खाण्याची मोठी सोय नाही. पाणी आणि डबा सोबत ठेवावा, आणि परतीला अंधार होण्यापूर्वी निघावे.